बर्फ उन्हानं वितळते का पान्यानं

बाबा, सध्या मी भिलाईत आहे. आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून महिनाभर रजा काढून आले. आपलं स्टील प्लांटचं सेक्टरमधलं क्वार्टर तुमच्यानंतर सुटलं. आई आता दादाकडे, स्मृति नगरात राहते. दादा-वहिनी सकाळी कामाला जातात, मुलं शाळेत, मग घरात आम्ही दोघीच. दर चार तासांनी तिच्या डोळ्यात थेंब टाकायचे आणि ती डोळा चोळत नाही ना ते पाहत राहायचं, एवढंच माझं काम. जेवण झालं की ती काळा चष्मा लावूनच आडवी होते आणि मी जेवणाच्या टेबलाशी बसते. आज वही घेऊन बसले आहे. आपण घरात बोलायचो ती भाषा मला कागदावर नीट उतरवता येत नाही. शाळा हिंदी, पुढचं सगळं इंग्रजी, आणि मराठी लिहायला शिकले ती गावी आजोबांना पाठवायच्या पत्रांमुळे. तुम्ही सांगायचात आणि मी लिहायचे. तुम्ही म्हणायचात 'तब्येत बरी हाय' आणि लगेच सुधारायचात, 'थांब, तसं नको, प्रकृती उत्तम आहे असं लिही.' त्यामुळे हेही तसंच पुस्तकी होणार. चालवून घ्या.

तुमची नोकरी पाण्याची होती. शाळेत आम्ही मुली 'पापा प्लांट में हैं' एवढंच सांगायचो आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की तुम्ही दिवसभर लाल रस असलेल्या भट्टीसमोर उभे असता. तुम्ही भट्टीपासून लांब, पंपांच्या घरघरीत असायचात. भट्टीच्या भिंतींमधून पाणी फिरवायचं; ते गार आत जातं, कढत बाहेर येतं, बाहेर आलेलं गार करून परत आत सोडायचं. किती अंशांवर आत गेलं आणि किती अंशांवर बाहेर आलं, ते तासातासाला रजिस्टरमध्ये लिहायचं. सगळी नोकरी तुम्ही हेच केलंत. मी एकदा विचारलं होतं, पाणी बंद पडलं तर काय होईल. तुम्ही म्हणालात, "भट्टी सोताचीच भिंत खाऊन टाकीन." आणि घरीही तुमचं लक्ष त्याच गोष्टीकडे असायचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. उन्हाळ्याची दुपार आहे, आईला विरजण लावायचं आहे, दूध उकळून तिनं पातेलं पंख्याखाली ठेवलंय आणि ती ते निवायची वाट बघतेय. तुम्ही फर्स्ट शिफ्टहून येता, सायकल भिंतीला टेकवता, आत येऊन ते पातेलं उचलता आणि परातीत नळाचं पाणी घेऊन त्यात ठेवता. मला जवळ बोलावता. "बोट घाल परातीत." थोड्या वेळात परातीतलं पाणी कोमट होतं. "पंख्यानं काय होते? हवा नुसती हात लावून जाते. पानी गरमी उचलून घेऊन जाते." आई म्हणते, "झालं याइचं पंपहाऊस सुरू." विरजण मात्र त्या दिवसापासून ती तसंच लावत आली, परातीत पातेलं ठेवून.

दुर्गच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र घेतलं आणि त्यानंतर समुद्राकाठच्या एका संस्थेत संशोधनाला गेले, तेव्हा आपल्या घरात कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता. मी जायच्या आदल्या आठवड्यात तुम्ही मला सोबत घेऊन मरोद्याच्या तलावावर गेला होतात. काठावर उभं राहून विचारलंत, "याच्या किती पट असंल?" मला सांगता आलं नाही. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "जाऊन पाह्य अन् मंग सांग." नोकरीवर तुम्ही सगळ्यांना सांगायचात की पोरगी समुद्राचं पाणी मोजून राहिली. दक्षिण ध्रुवाकडे जाणाऱ्या जहाजावर माझी निवड झाली ते कळल्यावर तर तुम्ही पेढे वाटले होते म्हणे, आणि कोणीतरी विचारलं की तिकडे पोरगी करणार काय, तेव्हा तुम्हाला नीट सांगता आलं नव्हतं. हे मला आईनं नंतर सांगितलं.

त्या सफरीच्या आधीच्या मे महिन्यात मी आठ दिवसांसाठी घरी आले होते. मला इथून लवकर निघायची घाई होती. खरं तर आल्या दिवसापासून होती. घर लहान वाटत होतं, बोलणं जुनं वाटत होतं. शेवटच्या दुपारी मी बॅग भरत होते, बाहेर मैत्रीण गाडी घेऊन उभी होती. तुम्ही अंघोळ करून आलात आणि दिवाणाखालून पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढलंत. स्टेनलेस स्टीलची पेटी. आत बाटल्या बसतील असे बारा गोल खण, झाकणाला बिजागऱ्या, दोन्ही बाजूंना उचलायच्या कड्या. मी कधीतरी फोनवर म्हणाले होते की जहाज हललं की पाण्याचे नमुने भरलेल्या बाटल्या एकमेकींवर आपटतात. तेवढ्यावर तुम्ही सुपेल्यातल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये बसून ती करवून घेतली होती. 'किती जाड असते गं तुही बाटली?' हे तुम्ही फोनवर विचारलं होतंत आणि मी कारण न विचारता माप सांगून टाकलं होतं.

मी पेटी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. "बाबा, हे नाई चालनार. तिथं लोखंड चालत नाई."

"हे लोखंड कुठी हाय? स्टेनलेस हाय. याले जंग नाई लागत."

"तरी नाई चालत. आमी पान्यातलं लोखंडच मोजतो. बाहेरचं जरासं मिसळलं तरी सगळं बेकार."

तुम्ही दिवाणावर बसलात. तुम्हाला वाईट वाटलं असेल, पण चेहऱ्यावर कुतूहलच जास्त होतं. "समुद्राच्या पान्यात लोखंड असते?"

"थोडंसं."

"अन् थे कावून मोजता?"

"बारीक बारीक हिरवे जीव असतात पान्यात. त्याइले लागते."

"हं. मंग त्याइले लोखंड भेटते कुठून? तिकडं काई खदान नाई."

"वाऱ्याच्या धुळीतून. बर्फातून. बर्फ वितळला का त्यातलं पान्यात येते."

तुम्ही पेटीच्या झाकणावरून हात फिरवला आणि विचारलंत, "तिकडचा बर्फ उन्हानं वितळते का पान्यानं?"

बाहेर हॉर्न वाजला. मी चेन लावत म्हटलं, "बाबा, जाऊ द्या ना. तुमाले नाई समजनार."

तुम्ही पेटी पोत्यात परत गुंडाळलीत आणि मला ट्रेनमध्ये प्यायचं पाणी भरून आणायला आत गेलात. आई पोळ्या लाटत होती. मी डबा घ्यायला स्वयंपाकघरात गेले तर तिनं लाटणं थांबवलं, माझ्याकडे न बघता म्हणाली, "थे तीन रविवार सुपेल्यात जाऊन बसले. भर उन्हात. अन् पानी-गरमी त्याइले नाई समजनार तं कोनाले समजनार व?" मी डबा घेतला आणि निघाले. ती पेटी अजून या घरात आहे. वहिनी तिच्यात पापड ठेवते.

त्या दुपारी हे सांगायला मला दहा मिनिटं लागली असती. ती आज घेते. बाबा, समुद्राच्या वरच्या थरात, जिथवर ऊन पोचतं तिथवर, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके लहान हिरवे जीव तरंगत असतात. आम्ही त्यांना प्लवक म्हणतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे आकार बघितले असतेत तर तुम्ही जागचे हलला नसता. कोणी काचेच्या डबीसारखं, कोणी साखळीसारखं. धानाचं रोप ऊन खाऊन वाढतं तसे हेही वाढतात, आणि आपण सगळे श्वासात जो प्राणवायू घेतो त्यातला मोठा वाटा यांनी पिढ्यानपिढ्या बनवलेला आहे. यांना झिंग्यासारखे छोटे जीव खातात, त्यांना मासे, पेंग्विन, देवमासे खातात. दक्षिणेच्या त्या समुद्रात यांच्यासाठी बाकी सगळं अन्न भरपूर आहे, फक्त लोखंड नाही. आपल्याकडे खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या चादरींवर, खुर्सीपारच्या टपऱ्यांच्या पत्र्यांवर प्लांटची जी तांबडी लोखंडी पूड बसते तिच्या चिमटीचाही पत्ता तिथे नाही. ते इतकं कमी असतं की मोजणाऱ्याला सगळ्यात मोठी भीती आपल्याच जहाजाची, कारण जहाजच लोखंडाचं. म्हणून आम्ही प्लास्टिकच्या बाटल्या महिनाभर आम्लात भिजवतो, हातमोज्यांवर हातमोजे चढवतो, अंगठी, घड्याळ, केसांतली पिनसुद्धा काढून ठेवतो. तुम्ही हे ऐकून नक्की म्हणाला असता की या पोरीनं बापाच्या कारखान्याशी वैर धरलं.

दिवाळी झाली आणि जहाज सुटायला पंधरा दिवस उरले असताना तुम्ही अचानक माझ्या संस्थेच्या पत्त्यावर पार्सल पाठवलंत. पांढऱ्या जाड प्लास्टिकच्या पत्र्याचा खोका. आत तेच बारा गोल खण. बिजागरीच्या जागी नायलॉनची दोरी ओवलेली, उचलायला दोरीचेच कान. एकही खिळा नाही, एकही स्क्रू नाही. तुम्ही फोनवर सांगितलंत की आम्लाच्या टाक्या बनवणारा एक माणूस शोधून काढला, कारण आम्लाच्या टाकीत लोखंड ठेवलं तर टाकी टिकत नाही, म्हणजे ज्याला बिनलोखंडाचं काम येतं असा माणूस तोच. गरम हवेनं प्लास्टिकचे तुकडे जोडलेले होते आणि सांध्यांवर मेणबत्तीसारखे ओघळ दिसत होते. झाकणावर तापवलेल्या सुईनं तुम्ही स्वतः कोरलं होतं, 'हळू. उलटे करू नये.' मराठीत. अर्धं जग ओलांडून जाणाऱ्या जहाजावर ते वाचणारं कोण होतं?

मी तो खोका नेला नाही, बाबा. माझ्याबरोबरचे सगळे मोठ्या ठिकाणांहून शिकून आलेले होते, त्यांची सामग्री परदेशी होती, गुळगुळीत, शिक्के मारलेली. मी स्वतःला सांगितलं की न तपासलेली वस्तू प्रयोगशाळेत न्यायची नसते. ते नियमाला धरूनच होतं. पण तपासायला मला दोन दिवस लागले असते आणि दिवस माझ्याकडे पंधरा होते. खोका माझ्या खोलीच्या गॅलरीत राहिला. जहाजावरून आम्हाला आठवड्यातून एकदा तीन मिनिटं फोन मिळायचा. तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "खोका कसा हाय?" आणि मी म्हटलं, "एकदम मस्त, बाबा. खूप कामी येऊन राहिला." तुमच्या मागे पंपांचा आवाज येत होता. तुम्ही ओरडून कोणाला तरी सांगितलंत, "कामी येऊन राहिला मनते!"

त्याच सफरीत मी ते पाहिलं. आम्ही बर्फाच्या कड्याजवळ गेलो होतो. जमिनीवरून सरकत येऊन समुद्रावर तरंगणारा तो बर्फ. त्याची भिंत आपल्या पाण्याच्या टाकीहून उंच, आणि पाण्याखाली त्याच्या कितीतरी पट. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही, तरी वरचा बर्फ कोरडा, कडक, चालताना करकर वाजणारा. ऊन पडतं आणि बहुतेक परत जातं. आम्ही तापमान मोजायचं उपकरण दोरावर बांधून खाली सोडलं आणि मी पडद्यावरच्या रेषेकडे पाहत होते. वरचं पाणी गोठायच्या बेताला आलेलं. खाली जाऊ तसं आणखी गार होईल असं कोणालाही वाटेल. पण एका खोलीनंतर रेषा उलट वळली. खालचं पाणी वरच्यापेक्षा उबदार होतं. उबदार म्हणजे आपल्या हाताला बर्फच, शून्याच्या थोडं वर. पण बर्फाच्या दृष्टीनं ते कढत. ते दूरच्या समुद्रातून खोलवरून येतं, खारट आणि म्हणून जड, तळातळानं सरकत त्या तरंगणाऱ्या बर्फाच्या पोटाखाली शिरतं आणि त्याला खालून खरवडतं. वारा बदलला की ते जास्त येतं, वारा फिरला की कमी. मी सोबतच्या माणसाला इंग्रजीत आकडे वाचून दाखवत होते आणि मला परात दिसत होती. तुम्ही मे महिन्यात विचारलेल्या प्रश्नाभोवती आमच्या सगळ्या सफरीची आखणी झालेली होती आणि हे मला तिथे, दोराचं चाक फिरत असताना कळलं. पुढच्या फोनवर तुम्हाला सांगायचं ठरवलं. पुढच्या वेळी फोन घरी लावला तर आईच बोलली, तुम्ही ड्यूटीवर होतात, आणि मग ते राहूनच गेलं.

परतल्यावर चार महिन्यांनी तुम्ही आणि आई माझ्याकडे आलात, समुद्र बघायला. मी स्टेशनवर घ्यायला आले, खोलीवर नेलं, चहा टाकला, आणि तुम्ही हातपाय धुऊन वाऱ्याला म्हणून गॅलरीत गेलात. मला आठवलं तेव्हा उशीर झाला होता. खोका तिथेच होता, कोपऱ्यात, आणि त्यात मी कांदे ठेवले होते. बारा खणांत बारा कांदे, वर आणखी काही. त्याचा प्लास्टिकचा पांढरेपणा तसाच होता, जहाजावर जाऊन आलेल्या वस्तूवर जसे ओरखडे असतात तसा एकही नव्हता. मी चहाचा कप घेऊन दारात उभी राहिले. तुम्ही उकिडवे बसून एक कांदा उचललात, दाबून पाहिलात, खालचा भाग मऊ पडला होता.

"यात कांदे सडतात गं," तुम्ही म्हणालात. "याले कुठूनच हवा नाई लागत. टोपलीत ठेवत जा."

एवढंच. मग आईकडून टोपली मागून घेतलीत आणि एक एक कांदा काढून तिच्यात ठेवलात. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "चहा गार होईल, बाबा." संध्याकाळी आपण किनाऱ्यावर गेलो. तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात गेलात, ओंजळीत पाणी घेतलंत, जिभेला लावलंत आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलात. म्हणालात, "यात बी असतीन ना तुहे थे हिरवे?" मी म्हटलं, हो, या ओंजळीतही असतील. तुम्ही ते पाणी फेकलं नाहीत. खाली वाकून ओंजळ समुद्रात बुडवलीत आणि हळूच सोडलंत. आई काठावरून हसत होती.

त्याच वर्षी थंडीत तुम्ही गेलात. सकाळी ड्यूटीवर निघताना सायकल काढली आणि छातीत दुखलं. दादानं दवाखान्यात नेलं, दुपारपर्यंत संपलं. मी दुसऱ्या दिवशी पोचले. तेराव्यानंतर परतले तेव्हा पहिलं काम मी ते केलं. खोका साबणानं, मग आम्लानं, मग शुद्ध पाण्यानं धुतला. त्यात शुद्ध पाण्याच्या बाटल्या आठवडाभर ठेवल्या आणि ते पाणी यंत्राला दिलं. काही नव्हतं. आमच्या परदेशी खोक्यांइतकाच स्वच्छ होता तो. आकडा बघून मी खुर्चीवर बसले आणि कोणीतरी विचारलं, नमुना बिघडला का? पुढच्या तीन सफरी तो माझ्यासोबत आला. एका वादळात प्रयोगशाळेतली कपाटं मोकळी झाली आणि दोन परदेशी खोके फुटले, पण हे मी तुमचं मन राखायला सांगते असं वाटेल, म्हणून हेही सांगते की तिसऱ्या सफरीत तुमच्या खोक्याचाही एक सांधा उकलला आणि तो आता माझ्या ऑफिसात कपाटावर आहे, बिनकामाचा.

त्या सफरींमधून काय कळलं ते तुम्ही विचारलं असतं. बर्फ खालून वितळतो तेव्हा त्यात अडकलेलं लोखंड समुद्रात येतं आणि कड्यापासून पुढे पाणी हिरवं होत जातं, शेतासारखं. पहिल्या वर्षी ते बघून आम्ही खूश झालो होतो. पण वितळलेलं पाणी गोडं असतं, म्हणून हलकं. ते समुद्राच्या अंगावर झाकणासारखं पसरतं आणि खालचं पाणी वर यायला अडतं. मग वर नवं अन्न पोचत नाही. एका वर्षी त्याच जागी मोठ्या, डबीसारख्या प्लवकांऐवजी अगदी बारीक जात भरली होती, जी झिंग्यांच्या तोंडात धरतच नाही. समुद्रावर दर हिवाळ्यात गोठणारा पातळ बर्फही त्या वर्षी कमी होता. त्याच्या खालच्या अंगाला जे हिरवं चिकटून वाढतं आणि ज्यावर झिंग्यांची पिल्लं थंडी काढतात, तेही मिळालं नाही. जाळ्यात जवळजवळ काही आलं नाही. समुद्र तापतोय, बर्फ जातोय, हे पक्कं. त्यातून त्या हिरव्या जिवांचं शेवटी भलं होणार की वाईट, हे ठिकाणाठिकाणाला वेगळं आहे आणि मला पूर्ण सांगता येत नाही. मी त्यावर लेख लिहिले आहेत, लोक मला बोलावतात, आणि मी तिथेही साधारण हेच सांगते, जरा लांबवून.

काल दुपारी आईला भेटायला एक काका आले. तुमच्या पंपहाऊसमध्ये तुमच्या हाताखाली होते ते, आता निवृत्त, खुर्सीपारमध्ये मुलाकडे राहतात. पाय दुखतात तरी ऑटो करून आले. आई उठून काळा चष्मा लावून बसली, मी चहा केला. त्यांनी विचारलं की तू नेमकं करतेस काय. मी बर्फाचं सांगितलं, की वरून ऊन वाटतं तेवढं करत नाही, खालून पाणी वितळवतं. काका कप धरून हसायला लागले.

"हे तं आमाले तवाच माईत झालं होतं," ते म्हणाले. "तुह्या बाबानं दाखवलं होतं ना."

मी विचारलं, कधी?

"तू थे जहाजावर जायच्या अगोदर आली होती ना, उन्हाळ्यात. तू गेली अन् दुसऱ्याच दिवशी हा मानूस सायकलवर बर्फाची लादी घेऊन आला. सुपेल्याच्या बर्फ कारखान्यातून. पोत्यात, भुशात लपेटून. आमी मनलं, शरबत बनवता का साहेब? तं नाई. जेवनाच्या सुट्टीत करवतीनं तीन तुकडे केले, बराबर एका मापाचे. एक ठेवला उन्हात, पत्र्यावर. एक ठेवला मोठ्या पंख्याच्या हवेत. अन् एक टाकला ड्रममध्ये, पाइप लावून पानी चालू. मले मनते, तू घडी पाह्य. सारे पंपवाले जेवन सोडून उभे. मे मयना होता, ऊन असं का डोस्कं फुटून जाईन. आमाले वाटे का उन्हातलाच पयले जाईन. कायचं! पान्यातला पाहता पाहता गायब. बाकीचे दोनी बसलेच हायेत." काकांनी कप खाली ठेवला. "मी मनलं, साहेब, हे कावून केलं? तं मनते, पोरीले विचारलं होतं, तिले येळ नव्हता. मनून मीच पाहून घेतलं."

मी खारी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"खूश होता त्या दिवशी," काका म्हणाले. "मनते, आता तिचा फोन आला का सांगतो तिले. मंग सांगतलं असंल ना तुले?"

त्यानंतर आपण किती वेळा बोललो, बाबा. दिवाळीच्या आधी, खोक्याच्या वेळी, जहाजावरून, किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभे होतात तेव्हाही. तुम्ही सांगितलं नाहीत. 'तुमाले नाई समजनार' म्हणणाऱ्या मुलीला, मला समजलं, असं सांगणं तुम्हाला जमलं नसेल, किंवा मला लाज वाटेल म्हणून तुम्ही ते गिळलं असेल. यातलं कोणतं, ते मला आता कळणार नाही. काका माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हो काका. सांगितलं होतं ना."

"मंग तू काय मनली?"

"मी म्हटलं, बाबा, तुमचं बरोबर आहे."

काकांनी मान डोलवली, समाधानानं एक बिस्कीट घेतलं. आईनं काळ्या चष्म्यामागून माझ्याकडे तोंड वळवलं आणि परत खिडकीकडे केलं. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, वहीतच राहील. तिच्या थेंबांची वेळ झाली आहे. तेवढं एक खरं लिहून उठते, बाबा: काकांना मी खोटं सांगितलं. तुम्ही मला सांगितलं नव्हतंत, आणि मी कधी विचारलंही नव्हतं.